मुंबईतले काचेआडचे समुद्रजीवन: तारापोरवाला मत्स्यालय आणि राणीची बाग

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामाला सुमारे ८ लाख रुपये खर्च आला. त्यातले २ लाख डी. बी. तारापोरवाला या दानशूर पारशी गृहस्थांनी दिले आणि त्यांचेच नाव वास्तूला लाभले. कारभार सुरुवातीपासून सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे राहिला. जागा मोक्याची होती. मागे चर्नी रोड स्थानक, बाजूला गिरगाव चौपाटी आणि रस्ता ओलांडला की अरबी समुद्र. मत्स्यालयाला खारे पाणी लागते आणि ते समोरच उपलब्ध होते.

भारतातले हे पहिले मत्स्यालय नव्हे. तो मान मद्रासचा. तिथे मरीना किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय उघडले होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी बॉम्बहल्ल्याच्या धास्तीने १९४२ साली ते बंद झाले आणि पुन्हा उभे राहिले नाही. स्वातंत्र्यानंतर मोठ्या शहरात, सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल अशा तिकिटात जिवंत समुद्र दाखवण्याची जबाबदारी मुंबईने उचलली.

जगात या प्रकाराची सुरुवात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. १८५३ साली तिथे लोकांसाठी पहिले ‘फिश हाउस’ उघडले. फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने पुढच्याच वर्षी या विषयावर पुस्तक काढले आणि इंग्लंडच्या घराघरांत काचपेट्यांचे वेड पसरले. अमेरिकेत मात्र गोष्टीला वेगळे वळण लागले. फ्लोरिडात १९३८ साली ‘मरीन स्टुडिओज’ उघडला तो मुळात चित्रपटवाल्यांनी, पाण्याखालची दृश्ये टिपता यावीत म्हणून. टाक्यांतले डॉल्फिन पाहायला प्रेक्षकांची रीघ लागली आणि छायाचित्रण मागे पडून प्राण्यांचे खेळ पुढे आले. याच वाटेने १९६४ साली सॅन डिएगोत ‘सीवर्ल्ड’ सुरू झाले. त्याच्या संस्थापकांच्या मनात आधी पाण्याखालचे रेस्टॉरंट होते. त्यातून उद्यान घडले आणि पुढे ओर्का व्हेलच्या उड्या हीच त्याची ओळख बनली. तेव्हापासून सागरी प्राण्यांच्या प्रदर्शनाच्या दोन जाती सरळ दिसतात. एका जातीत प्राणी आपापल्या रीतीने जगत असतो आणि माणूस काचेपलीकडून पाहतो. दुसरीत प्राण्याने माणसासाठी काही करून दाखवायचे असते. तारापोरवाला पहिल्या जातीचे, आणि ही मुंबईच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

या मत्स्यालयाची फारशी न सांगितली गेलेली बाजू संशोधनाची आहे. प्रेक्षकांच्या दालनांच्या जोडीने तिथे तारापोरवाला सागरी जीवशास्त्र केंद्र चालत असे. त्या काळी मुंबई प्रांताच्या मत्स्यव्यवसाय खात्यात डॉ. एस. बी. सेटना आणि डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारखी अभ्यासू माणसे होती. कुलकर्णींनी १९४० साली मुंबईच्या खाड्यांतल्या निमखाऱ्या पाण्यात एक इवलासा मासा शोधला. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब, अंग इतके पारदर्शक की आतला कणा दिसावा. नेहमीच्या माशांची मादी पाण्यात अंडी सोडते आणि फलन बाहेर होते. इथे नराला फलनासाठी खास अवयव आहे आणि फलन मादीच्या शरीरातच होते. हा प्रकार इतका आगळा होता की त्यासाठी कुलकर्णींनी माशांचे वेगळे कुळच मांडले. नावात त्यांनी दोघांना स्थान दिले: मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि सेटना. ‘होराइक्थिस सेटनाय’ हे त्याचे नाव. आता वर्गीकरण बदलले आणि तो ‘ओरायझिअस’ या प्रजातीत गेला, पण सेटनांचे नाव त्याला अजून चिकटलेले आहे. कुलकर्णी पुढे खात्याचे संचालक झाले आणि लोणावळ्याच्या तलावांतल्या महासीर माशांवरच्या कामासाठीही ओळखले गेले.

बोमन फ्रामजी छापगर हे दुसरे नाव. मुंबई राज्याच्या किनाऱ्यावरच्या सागरी खेकड्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९५७ साली निघाला. तारापोरवाला केंद्राच्या प्रकाशनांतले ते पहिले पुष्प. चिंबोरी ताटात येईपर्यंत मुंबईकर तिची फार चौकशी करत नाही. छापगरांनी या किनाऱ्यावरचे खेकडे पाठीच्या कवचावरून, नांग्यांवरून, पायांच्या कडांवरून एकेक करून नोंदवले आणि रेखाटले. किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या नोंदींकडे वळावे लागते. पुढे त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी सागरी जीवांवर पुस्तके लिहिली. मत्स्यालयाकडे करमणुकीचे ठिकाण म्हणून पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की टाक्यांच्या मागच्या खोल्यांत असे काम होत असे.

मत्स्यालयाचे खरे काम मासे दाखवण्याचे नसून पाणी राखण्याचे असते. मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत तो साठतो आणि थोड्या प्रमाणातही कल्ले जाळतो. यावर उपाय जिवाणूंचा आहे. गाळणीतल्या वाळूवर, खडीवर जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि अधूनमधून पाणी बदलून काढता येते. हे जिवाणू मुरायला आठवडे लागतात. नवी टाकी भरून लगेच मासे सोडले की ते का मरतात, याचे उत्तर इथे आहे. वीज गेली आणि पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू उतरतो, मासे तडफडतातच, शिवाय गाळणीतले जिवाणूही मरू लागतात. म्हणून पंप रात्रंदिवस चालावा लागतो.

मुंबईत यात आणखी एक अडचण. समोरचा समुद्र जवळ आहे खरा, पण स्वच्छ नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ होते, शहरातून वाहून येणारे सांडपाणी आणि पावसाचे गोडे पाणी मिसळून खारेपणा घटतो. प्रवाळांत वावरणाऱ्या नाजूक माशांना स्वच्छ, एकसारख्या खारेपणाचे पाणी हवे असते. म्हणजे समुद्राला लागून असलेल्या मत्स्यालयालाही समुद्राचे पाणी जसेच्या तसे वापरता येत नाही. ते निवळावे, गाळावे, जंतुमुक्त करावे लागते.

याच अडचणीचे दुसरे टोक म्हणजे बाजारातला मासा मत्स्यालयात क्वचितच दिसतो. बोंबील डोल जाळ्यातून वर येईपर्यंतच मरगळलेला असतो. त्याचे मऊ, पाणीदार शरीर हाताळणी सोसत नाही. पापलेटही चटकन दगावते. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवले गेले, पण जिवंत पापलेट पोहताना पाहिलेला मुंबईकर विरळाच. टाकीत तग धरतात ते हेकरू, वाम, मुशीची पिल्ले, पाखट, कासव, शेवंड, खेकडे, आणि मग परदेशी किंवा प्रवाळी पाण्यातले रंगीत मासे.

गिरणगावाला हे मत्स्यालय दूर नव्हते. चिंचपोकळी, लालबाग, करी रोड, परळ इथल्या चाळींतली बहुतेक कुटुंबे कोकणातून किंवा घाटावरून आलेली. गावाहून पाहुणे आले की मुंबई दाखवण्याचा एक क्रम ठरलेला असे: राणीची बाग, गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, तारापोरवाला आणि शेवटी चौपाटीवर भेळ. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत शाळांच्या सहलींची त्यात भर. गिरणीतल्या पगारात बसणारी ही करमणूक होती आणि तिला शिक्षणाची जोड होती. अंधारलेल्या दालनात उजळलेल्या टाक्यांच्या रांगा, काचेला चिकटलेली मुले, वर शास्त्रीय नावाची पाटी. कोकणातला माणूस मात्र पाटी वाचण्याआधी मासा ओळखी. वामीसमोर थांबून तिच्या कालवणाची चर्चा करणारे प्रेक्षक जगातल्या थोड्याच मत्स्यालयांना लाभले असतील. खाऊन ओळखलेला प्राणी जिवंत, श्वास घेताना, दगडाच्या कपारीतून तोंड बाहेर काढताना दिसणे हा या जागेने दिलेला सर्वांत मोठा अनुभव होता. त्याचे मोल परदेशी रंगीत माशांहून अधिक मानायला हवे.

पन्नास-साठ वर्षांत खारी हवा आणि टाक्यांचे पाणी यांनी इमारत जीर्ण केली. मोठ्या दुरुस्तीसाठी मत्स्यालय बंद ठेवावे लागले आणि ३ मार्च २०१५ रोजी ते नव्या रूपात उघडले. एलईडी दिव्यांनी उजळलेल्या नव्या टाक्या आल्या, विदुषक मासा, मूरिश आयडॉल, निळे टँग, ठिपक्यांचे पाखट, जेलीफिश अशी मंडळी आली. प्रौढांचे तिकीट ६० रुपये झाले. सर्वांत मोठे आकर्षण ठरला १२ फूट लांबीचा, १८० अंशांचा ॲक्रिलिकचा बोगदा. डोक्यावरून मासे जाताना पाहण्याची सोय मुंबईला पहिल्यांदाच मिळाली.

या बोगद्याचे मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. ऑकलंडमध्ये केली टार्लटन नावाच्या पाणबुड्याने वापरात नसलेल्या सांडपाण्याच्या टाक्यांत १९८५ साली मत्स्यालय उघडले. ॲक्रिलिकचे जाड पत्रे तापवून कमानीसारखे वाकवायचे आणि त्यांखालून प्रेक्षकांना न्यायचे, ही त्याची युक्ती. मत्स्यालय सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच तो वारला, पण कल्पना जगभर पसरली. बोगद्यात एक दृष्टिभ्रम असतो. सपाट काचेतून पाण्यातला मासा खरा असतो त्याच्या सुमारे पाव अंतराने जवळ आणि म्हणून मोठा दिसतो. आतल्या बाजूने वाकलेल्या कमानीतून तोच मासा लहान दिसतो. साध्या टाकीत भव्य वाटणारे पाखट बोगद्यात गेले की किरकोळ वाटते ते यामुळे. १२ फुटांचा बोगदा जगातल्या बोगद्यांपुढे अगदीच तोकडा आहे, तरी पोटाकडून पाखट पाहायला मिळणे ही छोटी गोष्ट नव्हे. त्याचे तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला असतात, वरून ते कधी दिसत नाहीत. समुद्रतळाच्या वाळूतले शिंपले आणि खेकडे वेचून खाणाऱ्या प्राण्याची ती रचना बोगद्यात उभ्याउभ्या समजते.

नूतनीकरणाच्या आगेमागेच महाराष्ट्रात दुसऱ्या जातीच्या उद्यानाचा प्रयत्न झाला. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या तोंडवळी आणि वायंगणी या गावांत ‘सी वर्ल्ड’ उभारण्याची सरकारची योजना होती. सुरुवातीच्या आराखड्यात तेराशेहून अधिक एकर जमीन मागितली होती. माडाच्या बागा, शेते, घरे, मंदिरे यांवर ही रेघ ओढली गेल्याने ग्रामस्थ विरोधात उभे राहिले. पुढे जमिनीची मागणी बरीच खाली आणली गेली, तरी विरोध ओसरला नाही आणि प्रकल्प कागदावरच राहिला. त्याच किनाऱ्यावर तारकर्ली-मालवणात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंगचा धंदा वाढला, स्थानिक तरुण त्यात उतरले. जमीन न घेता समुद्र दाखवण्याचा हा मार्ग अधिक रास्त ठरला.

डॉल्फिनच्या खेळांचा प्रश्न तर सरकारी परिपत्रकानेच निकालात काढला. १९९८ साली चेन्नईजवळ मामल्लपुरमला ‘डॉल्फिन सिटी’त आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. पुढे सिंधुदुर्ग, कोची आणि नोएडा इथे डॉल्फिनेरियमचे प्रस्ताव आले, तेव्हा देशभर विरोध झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ रोजी परिपत्रक काढून डॉल्फिनेरियमना परवानगी देऊ नये असे राज्यांना कळवले. डॉल्फिन आणि व्हेल अत्यंत बुद्धिमान आणि संवेदनशील आहेत, त्यांना करमणुकीसाठी कोंडणे नैतिकदृष्ट्या मान्य नाही, अशी त्यातली भूमिका. अमेरिकेच्या सीवर्ल्डने बंदिवासातल्या ओर्कांची पैदास थांबवत असल्याचे जाहीर केले ते तीन वर्षांनी, २०१६ साली. मत्स्यालयांनाही भारतात मोकळे रान नाही. २००१पासून समुद्रघोडे, प्रवाळ आणि काही जातींचे शार्क व पाखट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहेत. हाती लागेल ते समुद्रातून उचलून टाकीत सोडता येत नाही.

मार्च २०२०मध्ये करोनाच्या टाळेबंदीत तारापोरवाला बंद झाले. टाळेबंदी उठली, शहर सुरू झाले, मत्स्यालय मात्र उघडले नाही. इमारत धोकादायक ठरली होती. दुरुस्ती की पाडून नवे बांधकाम, यावर खल चालू राहिला. समुद्राच्या काठी वसलेल्या, कोळीवाड्यांतून वाढलेल्या महानगराला आपले सार्वजनिक मत्स्यालय गमवावे लागले आणि एका पिढीच्या मुलांचे शाळेतले दिवस त्याच्याविना गेले. या दिरंगाईचे समर्थन करता येणार नाही.

गिरणगावातल्या मुलांसमोर त्याआधीच आणखी जवळचे आकर्षण उभे राहिले होते. चिंचपोकळी स्थानकातून बाहेर पडून डॉ. आंबेडकर रस्त्याने भायखळ्याकडे चालू लागले की थोड्याच वेळात वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे राणीची बाग लागते. ही बाग १८६२ साली वनस्पती उद्यान म्हणून लोकांसाठी खुली झाली, १८७३ साली नगरपालिकेकडे आली आणि प्राणिसंग्रहालय तिच्यात नंतर आले. जुलै २०१६मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलहून इथे ८ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतली एक मादी ऑक्टोबरमध्ये जिवाणूंच्या संसर्गाने मेली. महापालिकेवर टीकेची झोड उठली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च २०१७मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला, तेव्हा रांगा रस्त्यापर्यंत आल्या. त्याच वर्षी बागेचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले.

मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन ठेवणे हा हट्ट आहे का, हा प्रश्न सारखा विचारला गेला. हम्बोल्ट पेंग्विन अंटार्क्टिकातला नाही. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो. तिथली जमीन वाळवंटी आणि तापलेली असते, पाणी मात्र दक्षिणेकडून येणाऱ्या हम्बोल्ट प्रवाहामुळे थंड. म्हणून या पक्ष्याला उष्णता राखण्याइतकीच ती टाकण्याचीही सोय आहे. चोचीच्या मुळाशी त्याची गुलाबी कातडी उघडी असते आणि तिच्यातून शरीराची उष्णता बाहेर जाते. तरीही मुंबईचा दमटपणा त्याला सोसणारा नाही. कक्षात तापमान १६ ते १८ अंशांवर राखले जाते, पाणी थंड करून गाळले जाते आणि हवेतली बुरशी रोखण्यासाठी काळजी घ्यावी लागते.

वर्षातून एकदा पेंग्विन सगळी पिसे टाकतो. या काळात अंगावर जुन्या पिसांचे पुंजके लोंबत असतात, जलरोधक कवच उरलेले नसते, म्हणून तो पाण्यात उतरत नाही आणि निसर्गात असता तर उपाशीच राहिला असता. त्याआधी तो भरपूर खाऊन चरबी साठवतो. कक्षाबाहेरच्या प्रेक्षकांना हा पक्षी आजारी वाटतो, प्रत्यक्षात तो वर्षभराच्या पोहण्याची तयारी करत असतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी इथे पहिले पिल्लू जन्मले. ते आठवड्याभरातच दगावले. २०२१ साली जन्मलेली पिल्ले जगली आणि त्यानंतर थव्याची वाढ होत राहिली. परदेशातून आणलेल्या प्राण्याबद्दलचा मूळ आक्षेप यातून मिटत नाही. पण बागेतल्या डॉक्टरांनी आणि राखणदारांनी एक अवघड काम शिकून घेतले, हे मान्य करावे लागते.

नव्या मत्स्यालयाच्या घोषणा अनेक झाल्या. राज्याच्या २०२०च्या अर्थसंकल्पात वरळी दूध डेअरीच्या जागेवर सुमारे १००० कोटी रुपयांचे पर्यटन संकुल आणि त्यात मत्स्यालय जाहीर झाले. महापालिकेने राणीच्या बागेत, पेंग्विन कक्षाच्या शेजारी, बोगद्यांसह मत्स्यालय उभारण्याचे ठरवले. चिंचपोकळी-लालबागच्या शाळकरी मुलांना हे दुसरे ठिकाण पायी गाठता येईल. मात्र बाग समुद्रापासून दूर आहे. तिथे एकतर टँकरने खारे पाणी आणावे लागेल, नाहीतर गोड्या पाण्यात क्षार मिसळून ते तयार करावे लागेल. दोन्हींचा खर्च दर महिन्याला आहे, उद्घाटनापुरता नाही. पेंग्विन कक्षातले शीतकरण, गाळण, विलगीकरण यांचा अनुभव इथे कामी येईल. शिवाय बोगद्यातल्या परदेशी माशांच्या जोडीला एखादे दालन कोकण किनाऱ्याचे असावे: वाम, हेकरू, पाखट, शेवंड, खाडीतल्या चिखलातले निवट्या मासे आणि कुलकर्णींनी शोधलेला तो पारदर्शक मासा. यांपैकी एकालाही विमानाने आणावे लागणार नाही.

महाराष्ट्रात अशा दालनाचा नमुना रत्नागिरीत आहे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, आणि तिथे व्हेलचा सांगाडा जोडून ठेवलेला आहे. त्याच्या शेजारी उभे राहिले की माणूस किती लहान आहे ते मोजपट्टीशिवाय कळते.

मुंबईत काचेशिवाय समुद्र पाहण्याची सोय ओहोटी करते. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू, कार्टर रोड या किनाऱ्यांवर मोठ्या ओहोटीच्या वेळी लोकांना नेऊन खडकांतल्या डबक्यांत काय आहे ते दाखवले जाते. समुद्रफुले, रंगीत समुद्री गोगलगायी, शंखात राहणारे खेकडे, स्पंज, झोअँथिडच्या हिरव्या-तपकिरी चादरी, नशीब असेल तर आठपायी ऑक्टोपस. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आढळले. कायद्याचे संरक्षण असल्याने २०२०मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ते तिथून हलवून दुसरीकडे लावावे लागले. ओहोटीला जायचे असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडतात, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली जाते. पायांत पकड असलेले बूट घालतात, खडक उलटा केला तर पुन्हा तसाच ठेवतात आणि कोणताही जीव घरी नेत नाहीत.